पेढीवरील जुनी पत्रे आणि गोमंतकाचा टपाल-इतिहास

हिशेबाच्या वह्या किती वर्षे जपाव्यात याविषयी आपल्या व्यापारी वर्गात निश्चित रूढी आहे. रोजमेळ, खतावणी, हुंडीची नोंद, येण्या-देण्याच्या पावत्या ही कागदपत्रे एका वहीपूजनापासून दुसऱ्या वहीपूजनापर्यंत हाताशी असतात व त्यानंतर लाल कापडात बांधली जाऊन माळ्यावर विसावतात. परंतु ज्या पत्रांच्या आधारे तो सर्व व्यवहार झाला, ती पत्रे मात्र कोणाच्या खिजगणतीत नसतात. भाव कळला, माल पोहोचला, रक्कम जमा झाली, की पत्राचे काम संपले, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती महाग पडते, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

काही वर्षांपूर्वी डिचोलीच्या बाजारातील एका जुन्या पेढीच्या माळ्याची साफसफाई चालू असता प्रस्तुत लेखक तेथे उपस्थित होता. एका पत्र्याच्या पेटीतून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची पत्रे निघाली. पेढीच्या वृद्ध मालकांनी मोठ्या कौतुकाने सांगितले की, त्यांच्या लहानपणी त्यांना तिकिटांचा छंद होता व त्या वेळी त्यांनी या सर्व पत्रांवरील तिकिटे कातरून घेतली होती. तिकिटांची ती वही पुढे कोठे गेली हे त्यांस आठवत नव्हते. पेटीत उरले होते ते चौकोनी भोके पडलेले कागद. कोठे पत्त्याची अर्धी ओळ, कोठे शिक्क्याची चतकोर कड, कोठे सालाचे शेवटचे दोन आकडे. पत्र कोठून निघाले, कोणत्या मार्गाने आले, किती दिवसांनी पोहोचले, हे सांगणारा सारा पुरावा कात्रीने दोन तुकडे करून दोन दिशांना घालविला होता. मालक म्हणाले, "तिकीट म्हणजेच मोल, असे आम्हांस वाटे." बहुतेकांस आजही तसेच वाटते.

तिकीट-संग्रह आणि टपाल-इतिहास यांतील भेद येथेच आहे. तिकीट-संग्राहक तिकीट पाहतो. टपाल-इतिहासाचा अभ्यासक संपूर्ण पत्र पाहतो. तिकीट, त्यावरील ठसा, मागील बाजूचा पोहोचीचा शिक्का, आकारलेला दर, नॉटपेड पत्रावर वसूल केलेल्या रकमेचा आकडा, पत्त्याची लिपी आणि पत्राची घडी, ही सर्व त्याच्या दृष्टीने एकाच साक्षीची वाक्ये असतात. सुटे तिकीट जगात हजारो प्रतींनी असू शकते. परंतु अमुक दिवशी अमुक गावाहून अमुक पेढीस गेलेले पत्र हे जगात एकच असते.

या दृष्टीने पाहता गोमंतकातील पेडणे व डिचोली हे दोन महाल विशेष महत्त्वाचे ठरतात. गोव्याच्या जुन्या काबिजादीत त्यांचा समावेश नव्हता. डिचोली १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले व 'नव्या काबिजादी'चे भाग बनले. तत्पूर्वी त्यांचे नाते सावंतवाडीशी होते, आणि राज्य बदलले तरी बाजार बदलला नाही. पेडण्याहून पत्रादेवीमार्गे बांद्यास, डिचोलीहून दोडामार्गास जाणाऱ्या वाटांवर सोयरीक, देवदर्शन आणि देवघेव अव्याहत चालू राहिली. त्यामुळे येथील व्यापाऱ्याचे पत्र सहजच एका सत्तेच्या टपालातून दुसऱ्या सत्तेच्या टपालात जाई, आणि ते सीमोल्लंघन त्या पत्राच्या अंगावर उमटे.

पोर्तुगीज हिंदुस्थानची पहिली टपाल-तिकिटे १ ऑक्टोबर १८७१ रोजी निघाली. इंग्लंडमध्ये पहिले तिकीट १८४० मध्ये आणि ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वत्र चालणारी तिकिटे १८५४ मध्ये निघाली होती. म्हणजे गोवा या बाबतीत फार मागे होता असे नाही. ही तिकिटे लिस्बनहून आली नाहीत, ती गोव्यातच तयार झाली. मध्यभागी किमतीचा आकडा आणि भोवती लंबवर्तुळात टपालखात्याचे नाव, एवढाच त्यांचा थाट. ठसे झिजत, ते पुनःपुन्हा कोरले जात. कागद मिळेल तसा वापरला जाई. या ओबडधोबडपणामुळेच त्यांचे असंख्य उपप्रकार झाले आणि जगभरच्या अभ्यासकांना त्यांनी वेड लावले. १८७७ मध्ये पोर्तुगालच्या इतर वसाहतींप्रमाणे येथेही राजमुकुटाचे चित्र असलेली सुबक तिकिटे आली.

पहिल्या काही वर्षांतील एक गोष्ट व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. गोव्यातील तिकीट गोव्याच्या हद्दीपुरते चाले. पत्र मुंबईस किंवा समुद्रापार जावयाचे असल्यास पुढील प्रवासासाठी ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीटही लावावे लागे. अशा प्रकारे एकाच पाकिटावर पोर्तुगीज आणि इंग्रजी अशी दोन सरकारांची तिकिटे शेजारी शेजारी बसत. १८७१ ते १८७७ या अल्प काळातील अशी दुहेरी तिकिटांची पत्रे आज अत्यंत दुर्मीळ समजली जातात. त्यांतील एखादे तिकीट कातरून घेतले, की शिल्लक राहते ते एक सामान्य तिकीट आणि एक निरुपयोगी कागद.

यानंतरचा प्रकार तर हिशेबनिसाच्याच आवडीचा आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात तह झाला व १८८० पासून तो अमलात आला. या तहाने दोन्ही मुलखांमधील जकातीची भिंत काढली गेली, मिठावर इंग्रजांचे नियंत्रण आले, मुरगावच्या रेल्वेचा मार्ग मोकळा झाला आणि चलनही ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनाशी जुळवून घेण्यात आले. १२ रेईसचा एक तांगा आणि १६ तांग्यांचा एक रुपया, असा नवा हिशेब ठरला. आपल्या वाचकांस यात १२ पैंचा आणा व १६ आण्यांचा रुपया तत्काळ ओळखू येईल. नाव पोर्तुगीज, पण गणित मुंबईचे! जुन्या रेईसमध्ये छापलेली तिकिटे त्यामुळे एकाएकी निरुपयोगी झाली. ती फेकून न देता १८८१ मध्ये त्यांवर नव्या किमतींचे आकडे छापण्यात आले. दीड, साडेचार, सहा रेईस, एक तांगा, दोन तांगे, अशा छापांची जी गर्दी झाली ती आजही अभ्यासकांस पुरून उरते. तह १८९२ मध्ये संपुष्टात आला व सीमेवर जकात पुन्हा बसली. रुपया-तांग्याचा हिशेब मात्र टिकला, तो १९५९ च्या तिकिटांवर एश्कुदो व सेंताव्हो ही नाणी येईपर्यंत. त्या वेळी एका रुपयास सहा एश्कुदो हा दर होता. चलनाच्या इतिहासाचे असे सचित्र पुस्तक दुसरे कोणते असेल?

वसाहतींच्या टपालात अडचणीतून उपाय निघाल्याची उदाहरणे अन्यत्रही आढळतात. १९११ मध्ये, पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतरच्या काळात, गोव्यात काही तिकिटांना मधोमध उभी छिद्रे पाडून प्रत्येक अर्ध्यावर नवी किंमत छापली गेली, म्हणजे एका तिकिटाची दोन झाली. कॅरिबियन समुद्रातील सेंट व्हिन्सेंट या इंग्रजी बेटावर १८८० मध्ये नेमका हाच उपाय योजला गेला होता : सहा पेनीच्या तिकिटास उभी छिद्रे पाडून दोन्ही अर्ध्यांवर एक पेनी छापण्यात आली. हजारो मैलांचे अंतर, राज्यकर्ते भिन्न. परंतु राजधानीहून नवा साठा येईपर्यंत पत्रे थांबवून चालत नाही, ही निकड एकच.

त्याच समुद्रातील त्रिनिदाद बेटाचा दाखला व्यापारी वर्गास अधिक जवळचा वाटेल. तेथे १८४७ मध्ये 'लेडी मॅक्लिऑड' नावाची आगबोट पोर्ट ऑफ स्पेन आणि सान फर्नांदो या बंदरांदरम्यान फेऱ्या करी. बोटीचे मालक डेव्हिड ब्राइस यांनी पत्रवाहतुकीसाठी स्वतःचे तिकीट काढले. किंमत एकास पाच सेंट, शंभर घेतल्यास चार डॉलर. घाऊक खरेदीवर शेकडा वीस सूट! सरकारी तिकीट येण्यापूर्वी एका बोटमालकाने काढलेले हे तिकीट आज जगातील मानाच्या संग्रहांत असते, आणि ज्या पत्रांवरून ते प्रवास करून गेले ती पत्रे तर त्याहूनही मोलाची मानली जातात. ती कोणी जपली? ज्यांनी जुनी पत्रे चुलीत घातली नाहीत त्या घरांनी व पेढ्यांनी.

आता आपल्या पेटीतील पत्र हाती घेऊन ते कसे वाचावे, हे पाहू. प्रथम ठसा पाहावा. पोर्तुगीज अमदानीत पेडणे 'पेर्नेम', डिचोली 'बिचोलिम', साखळी 'सांकेलिम' अशा रूपांत लिहिले जाई, आणि पणजीसाठी 'नोव्हा गोवा' हे नाव आढळते. कारण १८४३ पासून राजधानीचे ते अधिकृत नाव होते. पणजी व म्हापसा यांसारख्या मोठ्या ठिकाणांहून निघालेली पत्रे सापेक्षतः अधिक. लहान महालांतील कचेऱ्यांचा स्पष्ट ठसा क्वचित मिळतो, म्हणून त्याची किंमत अधिक. नंतर पत्राची मागील बाजू पाहावी. पोहोचीच्या शिक्क्यावरील दिनांकावरून प्रवासास लागलेले दिवस मोजता येतात. १८८७-८८ मध्ये मुरगावहून रेल्वे घाट चढून इंग्रजी हद्दीस भिडल्यानंतर तो हिशेब कसा बदलला, हेही अशा पत्रांच्या मालिकेवरून ताडता येते.

त्यानंतर लिपी. येथील महाजनांच्या पत्रांवर मोडी, देवनागरी, गुजराती आणि रोमन या लिपी आढळतात. कित्येकदा एकाच पाकिटावर दोन. मोडीत पत्ता, पोर्तुगीज तिकीट आणि इंग्रजी पोहोच-शिक्का असलेले पाकीट म्हणजे या सीमाभागाची कुंडलीच होय. मोडी वाचणारे आता थोडे राहिले आहेत. म्हणून ज्यांच्या घरी अद्याप एखादे जाणते वडीलधारे असतील त्यांनी पत्रांचे वाचन विनाविलंब करवून घ्यावे.

या इतिहासाचे शेवटचे पान आपल्यापैकी काहींच्या आठवणीतील आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २९ डिसेंबरपासून येथे भारतीय तिकिटे वापरात आली आणि जुनी पोर्तुगीज तिकिटे ५ जानेवारी १९६२ पर्यंत स्वीकारली गेली. त्या मोजक्या दिवसांत काही पत्रांवर दोन्ही तिकिटे एकत्र लागली. १८७१ मध्ये जी जोडी परकीय सत्तांच्या सीमेमुळे जुळली होती, तशीच जोडी नव्वद वर्षांनी सीमा पुसली जाताना पुन्हा जुळली. त्या आठवड्यात माल मागविणारे, पैसे पाठविणारे, खुशाली कळविणारे पत्र ज्या पेढीने लिहिले असेल, तिने नकळत इतिहासच लिहिला.

संग्रहासंबंधी काही व्यावहारिक सूचना करणे अवश्य आहे. पत्रावरील तिकीट कातरू नये, पाण्यात भिजवून सोडवू नये. चिकटपट्टी, टाचणी व खळ यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. टाचणीचा गंज कोकणच्या पावसाळ्यात एका ऋतूत कागद खातो. पत्रांस लॅमिनेशन करणे म्हणजे त्यांस कायमचे गाडणे होय. आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, जमिनीपासून उंच व कोरड्या कपाटात ती ठेवावीत, आणि पावसाळा सरताच वाळवी-कसर लागली नाही ना हे पाहावे. खरेदी करताना १८८१ च्या छापांविषयी विशेष सावध असावे. साध्या तिकिटावर खोटा आकडा उठविणे सोपे असल्याने बनावट माल पुष्कळ आहे व जाणकाराच्या तपासणीवाचून मोठी रक्कम गुंतवू नये. शिवाय, ऐतिहासिक मोल असलेले ७५ वर्षांहून जुने कागद १९७२ च्या पुरावस्तू-कायद्याखाली येऊ शकतात; परदेशी ग्राहकास ते पाठविण्यापूर्वी कायद्याचा सल्ला घेणे हेच शहाणपणाचे.

हे काम उद्यावर टाकण्याजोगे नाही. भाव दूरध्वनीवर ठरतात, बिले विजेच्या वेगाने जातात. पेडणे महालात मोपा येथे विमानतळ झाला आहे. २०२५ मध्ये आपल्या भरवशाचे रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाले, म्हणजे कालपरवाची रजिस्टर पाकिटेही आता इतिहासजमा झाली. नवी पत्रे येण्याचा ओघ आटला असता जुन्यांचा साठा वाढण्याची आशा नाही. तो केवळ घटू शकतो.

म्हणून व्यापारी बंधूंस एवढीच विनंती आहे. यंदा दिवाळीपूर्वी माळ्यावरील पेटी उतरवाल, तेव्हा रद्दीवाल्यास हाक मारण्याआधी ती एकदा उघडून पाहा. पत्रे सालवार लावा, त्यांची यादी करा, आणि ज्यांस स्वतः जपणे शक्य नसेल त्यांनी ती पणजीच्या पुराभिलेखागारासारख्या संस्थेस दाखवावीत. आपल्या पूर्वजांनी पै-पैचा हिशेब चोख ठेवला. त्या हिशेबाची साक्ष देणारी पत्रे सांभाळणे हे त्यांच्या वारसांच्या नावे निघालेले देणे आहे, आणि देणे बुडविणे हे आपल्या पेढीस शोभत नाही.