अंगठीतून जाणारी शाल

भगिनींनो, सुगी आटोपली, खळी मोकळी झाली, की दुपारचा थोडा निवांतपणा मिळतो. कुणी गोधडी काढून बसते, कुणी शेवया वळते, कुणी मुलांसाठी स्वेटर विणायला घेते. हात रिकामा ठेवणे आपल्या बायाबापड्यांना मुळी ठाऊकच नाही. आज तुम्हाला एका हातकामाची ओळख करून द्यायची आहे. ते काम आहे जाळीच्या विणीची शाल. शाल इतकी तलम, की बोटातल्या अंगठीतून अख्खी ओढून बाहेर काढता येते. हा छंद जसा हाताला वळण लावतो, तसा एक व्यवहारही शिकवतो. तो व्यवहार नीट समजावा म्हणून आधी थोडे दूर, समुद्रापलीकडे जाऊ या.

बेटांवरची शेतकरीण

स्कॉटलंड देशाच्या उत्तरेला, भर समुद्रात शेटलंड नावाचा बेटांचा पुंजका आहे. लहानमोठी मिळून शंभराच्या आसपास बेटे, पण माणसांची वस्ती फक्त सोळा-एक बेटांवर. आजही सगळी मिळून लोकसंख्या तेवीस हजारांच्या घरात. झाडे फार थोडी, वारा मात्र बारा महिने. इथली माणसेही आपल्यासारखीच शेतकरी. तुकड्या-तुकड्यांची जमीन, त्यात ओट, जव आणि बटाटे, दारात एखादी गाय आणि डोंगरावर चरणारी मेंढरे.

एवढ्या जमिनीवर घर चालत नसे. म्हणून पुरुष मासेमारीला आणि देवमाशांच्या शिकारीला समुद्रावर जात. आपल्याकडे कोकणातले नि घाटावरचे बापे मुंबईला गिरणीत गेले, की मागे बायकांनी शेत सांभाळले, तशीच गत. नांगरट-पेरणीपासून जळण आणण्यापर्यंत सगळे बायकांच्या अंगावर. तिथे जळण म्हणजे दलदलीची माती कापून वाळवलेली ढेकळे. ती पाठीवरच्या टोपलीत भरून बाई घरी निघाली, की वाटेवरही तिचे हात विणत असत. त्यासाठी कंबरेला चामड्याचा एक पट्टा बांधत. त्याला घोड्याचे केस ठासून भरलेली, भोके पाडलेली गादी असे. सुईचे एक टोक त्या भोकात रोवले, की सुई आपोआप धरली जाई आणि चालता चालता काम होई.

शेटलंडची मेंढी अंगाने लहान, पण लोकर मऊसूत. उन्हाळा लागला, की ती आपसूक सुटू लागते. मग कात्री न लावता हातानेच हलकेच उपटून घेत. त्यातही मानेजवळची लोकर सर्वांत तलम, ती शालीसाठी वेगळी ठेवत. म्हातारी माणसे ती चरख्यावर केसासारखी बारीक कातत आणि दोन धाग्यांना पीळ देऊन दोरा करत. अशा दोऱ्याची दीड-दोन मीटर लांब-रुंद चौकोनी शाल वजनाला शंभर ग्रॅमही भरत नसे. अगदी उत्तरेकडचे उन्स्ट नावाचे बेट या कामात सर्वांत नावाजलेले. रोजच्या वापराची, जाड लोकरीची शाल निराळी. ती थंडीवाऱ्यात अंगावर, छातीवर गुंडाळून बाया शेतात राबत.

कष्ट बाईचे, हिशेब सावकाराचा

या शालींना विलायतेत मोठी मागणी आली. मुंबईला टपाल आणणाऱ्या पी अँड ओ बोटींच्या कंपनीचा एक संस्थापक आर्थर अँडरसन हा मूळचा शेटलंडचाच. त्याने तिथले तलम विणकाम राणी व्हिक्टोरियापर्यंत पोचवले. मग काय, मोठमोठ्या घरच्या स्त्रिया त्या शाली मिरवू लागल्या.

पण विणणारीच्या पदरात काय पडले? तिला पैसे मिळतच नसत. बाई शाल घेऊन लर्विक गावच्या दुकानदाराकडे जाई. तो शाल ठेवून घेई आणि बदल्यात चहा किंवा कापड देई. तेही लगेच नको असेल, तर एक चिठ्ठी लिहून देई, आणि ती चिठ्ठी त्याच्याच दुकानात चाले. चहाने पोट भरत नाही आणि कापडाने घरभाडे फिटत नाही. मग तीच बाई चहाची पुडी घेऊन शेजारपाजारी फिरे आणि मूठभर पीठ मागे. जिला स्वतःची जमीन होती तिचे कसेबसे निभे. जी गावात भाड्याने राही आणि विणण्यावरच जगे, तिचे हाल कुत्रा खाईना.

हा बोभाटा सरकारच्या कानी गेला. १८७२ साली चौकशी आयोगापुढे या बायकांनी स्वतः उभे राहून जबान्या दिल्या. काय विणले, त्याची किंमत किती धरली आणि हाती काय दिले, ते त्यांनी सांगितले. त्या जबान्या छापील अहवालात आजही वाचायला मिळतात. पुढे १८८७ साली कायदा सुधारला. तरी जुनी सवय एका दिवसात मोडली नाही. मालाऐवजी माल देण्याची ही रीत पुढेही बरीच वर्षे रेंगाळली.

भगिनींनो, आपल्या बांधावरही आडत, तोलाई आणि उचल यांचे गणित तुम्ही पाहिले आहे. माल आपला, पण भाव सांगणारा दुसरा. जिच्या हाती रोकड नाही, तिच्या कलेचे कौतुक होते, मोल होत नाही, हे शेटलंडच्या शालीत विणलेलेच आहे.

यंत्र आले

विणकामाचे यंत्र काही आजचे नाही. इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ सालीच मोजे विणायचा साचा बनवला होता. घरात टेबलावर ठेवून चालवता येईल असे यंत्र मात्र खूप नंतर आले. विसाव्या शतकात शेटलंडच्या घराघरांतही ते पोचले.

हे यंत्र कसे चालते ते समजून घ्या, म्हणजे त्याची भीती राहणार नाही. एका लांब पट्टीवर दोनशेच्या आसपास सुया ओळीने बसवलेल्या असतात. प्रत्येक सुईच्या टोकाला आकडा आणि आकड्यापाशी उघडझाप करणारी चिमुकली झडप. प्रत्येक सुईवर एकच टाका. वरून गाडी एकदा डावीकडून उजवीकडे सरकवली, की प्रत्येक सुई पुढे येते, नवा दोरा आकड्यात पकडते, झडप मिटते आणि जुना टाका वरून घसरून पडतो. एका ढकलीत एक ओळ तयार! हाताने जी ओळ विणायला दहा मिनिटे लागतात, ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते.

जाळी कशी पडते? एक टाका उचलून शेजारच्या सुईवर टांगायचा आणि रिकामी सुई तशीच कामात ठेवायची. पुढच्या ओळीत तिच्यावर नुसता दोरा पडतो आणि तिथे भोक तयार होते. काही यंत्रांत हे काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून आपोआप होते. सोलापुरी चादरीची नक्षी मागावर जकार्डच्या पुठ्ठ्यांवरून उठते, त्याच जातीची ही युक्ती.

मग हाताची गरज उरली का? उरली. या साध्या यंत्रावर एका अंगाला सगळे सुलट आणि दुसऱ्या अंगाला सगळे उलट, असेच कापड निघते, आणि ते कडेने गुंडाळते. दोन्ही अंगांनी सारखे दिसणारे, सपाट पडणारे विणकाम हवे असेल, तर ओळीओळीला काम उलटावे लागते. शालीची टोकदार झालर यंत्रावर जमवणेही किचकट. म्हणून शेटलंडच्या बायकांनी भांडण न करता वाटणी केली. स्वेटरचे अंग यंत्रावर विणायचे आणि गळ्याभोवतीची नक्षी हाताने. छंद म्हणून शाली विणणाऱ्याही पुष्कळदा मधला भाग यंत्रावर नि कड हाताने करतात. सोपे, कंटाळवाणे ते यंत्राला आणि डोके लागेल ते हाताला!

पोटाचा धंदा झाला छंद

१९७०च्या दशकात शेटलंडजवळच्या समुद्रात खनिज तेल लागले आणि १९७८ साली सलम व्हो इथल्या तळावर तेल येऊ लागले. नोकऱ्या निघाल्या, बायकांच्या हाती रोख पगार आला. मग पडेल भावात विणायला कोण बसणार? अनेकींनी सुया बाजूला ठेवल्या. २०१० साली तर शाळांमधले विणकामाचे शिक्षणही खर्चापायी बंद करण्यात आले.

कला बुडाली असे वाटावे, तर झाले उलटेच. पुढे जाणत्या बायांनी आपण होऊन मुलांना शिकवायला सुरुवात केली. २०१० पासूनच तिथे दर वर्षी लोकरीचा सप्ताह भरतो आणि देशोदेशीच्या हौशी बाया शिकायला येतात. म्हणजे पोटासाठी सक्तीने विणणे थांबले, आणि आवडीने विणणे सुरू झाले. त्याच शाली, तेच टाके. पण आता विणणारी म्हणते, “जमेल तेव्हा विणीन, परवडेल त्या भावाला देईन, नाहीतर लेकीला देईन.” फरक पडला तो एवढाच, आणि हाच फार मोठा आहे.

तुम्हीही करून पाहा

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड. ती घोंगडीलाच शोभते, जाळीला नाही. म्हणून बाजारातली बारीक, मऊ लोकर घ्या. घेताना नीट विचारून घ्या. लोकर म्हणून जे विकले जाते, त्यात पुष्कळ ॲक्रिलिकच असते. ते धुवायला सोपे, पण ताणून वाळवल्यावर खऱ्या लोकरीसारखे आकार धरून राहत नाही. स्वेटरला वापरता त्यापेक्षा एक-दोन नंबर जाड सुया घ्या. सैल विणले तरच जाळी उमलते.

शेटलंडची एक जुनी, सोपी वीण पुढे दिली आहे. ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा लाटा तिच्यात दिसतात. सुरुवातीला गळपट्टा करा. ६० टाके घाला. दोन्ही कडांचे ३-३ टाके प्रत्येक ओळीत सुलटच विणा. मधल्या ५४ टाक्यांवर ही नक्षी करा:

पहिली ओळ: सर्व सुलट.

दुसरी ओळ: सर्व उलट.

तिसरी ओळ: २ टाके जोडीने सुलट, असे ३ वेळा, मग सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन १ टाका सुलट, असे ६ वेळा, मग पुन्हा २ टाके जोडीने सुलट, असे ३ वेळा. हा १८ टाक्यांचा गट झाला. असे ३ गट.

चौथी ओळ: सर्व सुलट.

याच चार ओळी हवी तेवढी लांबी होईपर्यंत विणत जा. तिसऱ्या ओळीत प्रत्येक गटात सहा टाके कमी होतात आणि सहा वेढे वाढतात, म्हणून टाके साठचे साठच राहिले पाहिजेत. चौथी ओळ झाली, की मोजण्याची सवय ठेवा. दर दोन-तीन नक्षींनंतर सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा एक दोरा ओवून ठेवा. पुढे चूक झाली, तर तिथपर्यंतच उसवावे लागेल, सगळे नाही. शेवटी टाके सैल हाताने बंद करा.

विणून झाले, की काम अर्धेच झाले असे समजा. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. शेटलंडला शाल लाकडी चौकटीवर दोऱ्याने ताणून वाळवतात. आपल्याकडे बाज आहेच! कडेच्या टोकांतून दोरा ओवा, बाजेच्या चारी बाजूंना ताणून बांधा आणि सावलीत वाळू द्या. विटलेले फडके वाटत होते त्यातून लाटा कशा उठतात ते पाहाच.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. अगदी तान्ह्या बाळाला मोठ्या जाळीची शाल गुंडाळू नका. इवलाली बोटे भोकात अडकतात. बाळासाठी घट्ट विणीचे कापड बरे.

वही ठेवा

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. सुयांच्या पिशवीत एक लहान वही ठेवा. लोकरीला किती पैसे पडले आणि रोज किती वेळ विणले, ते लिहीत जा. समजा, लोकर ४०० रुपयांची लागली, शाल पुरी व्हायला ९० तास गेले आणि कुणी तुम्हाला १,५०० रुपये देऊ केले. ऐकायला रक्कम मोठी. पण लोकर वजा जाता राहिले १,१००, म्हणजे तासाला जेमतेम बारा रुपये. आता गावातली खुरपणीची मजुरी आठवा आणि तुम्हीच ठरवा.

याचा अर्थ विणू नका, असा नाही. उलट मनापासून विणा. लेकीच्या, सुनेच्या, शेजारणीच्या अंगावर आपल्या हातची शाल पाहण्याचे सुख तासावर मोजता येत नाही. द्यायची तर प्रेमाने द्या, विकायची तर हिशेबाने विका. चारचौघी मिळून यंत्र घेणार असाल, तर घेण्याआधी ते चालवून पाहा, दुरुस्ती कोण करील ते विचारा, आणि आधी हातावर शिका. हाताला टाका कळला, की यंत्रही कह्यात राहते.

शेटलंडच्या त्या बायकांना आपल्या शालीचा भाव मागायला आयोग यावा लागला. तुम्हाला वही-पेन्सिल पुरे आहे. मग घ्या सुया हातात, आणि घाला साठ टाके!