पृथ्वीचे अंतरंग व भूपट्ट (शालेय अध्यापन)

पृथ्वीचे अंतरंग व भूपट्ट हा माध्यमिक शाळेतील भूगोलाचा घटक आहे. महाराष्ट्र राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ‘पृथ्वीचे अंतरंग’ इयत्ता आठवीत, तर ‘अंतर्गत हालचाली’ नववीत अभ्यासाव्या लागतात. प्रत्यक्ष पाहता न येणाऱ्या गोष्टी शिकवायच्या असल्याने हा घटक बहुधा आकृती पाठ करण्यावर निभावला जातो. दख्खनच्या पठारावरील विद्यार्थ्यांना मात्र त्याचे पुरावे जवळच उपलब्ध आहेत. बीड जिल्ह्यातील कपिलधार हे त्यांपैकी एक स्थळ होय.

== कपिलधार येथील खडक ==
कपिलधार हे बालाघाट डोंगररांगेत, मांजरसुंब्याजवळ वसलेले असून वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी व धबधबा यांसाठी प्रसिद्ध आहे. येथील काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हा वारंवार बाहेर आला व थरांवर थर साचत गेले. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे.

सहलीला आलेला विद्यार्थी कड्यातील थर पाहून हेच ‘पृथ्वीचे थर’ असे सहज समजतो. विहिरीत माती, मुरूम आणि काळा दगड क्रमाने पाहिलेल्या ग्रामीण मुलांत ही समजूत अधिक पक्की असते. ती तेथेच दूर करणे इष्ट. लाव्ह्याचे हे सर्व थर मिळून भूकवचाचा केवळ वरचा पापुद्रा होतात. पश्चिमेकडे त्यांची जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते. किल्लारी येथे वेधनात ती अवघी ३३८ मीटर भरली. खंडांखालील भूकवच मात्र सरासरी ३५ किलोमीटर जाड आहे.

== प्रमाणबद्ध आकृती ==
पुस्तकातील आकृतीत भूकवच दिसावे म्हणून ते जाड काढलेले असते. त्याऐवजी मैदानावर दोरी व चुना घेऊन १ सेंटीमीटरला १०० किलोमीटर हे प्रमाण धरावे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर असल्याने वर्तुळाची त्रिज्या सुमारे ६४ सेंटीमीटर येते. गाभ्याची त्रिज्या ३५ व आंतरगाभ्याची १२ सेंटीमीटर होते. भूकवच साडेतीन मिलिमीटर, म्हणजे चुन्याच्या रेघेतच मावते! रशियातील कोला येथील १२,२६२ मीटर खोल छिद्र या आकृतीत जेमतेम सव्वा मिलिमीटरचे ठरते.

मग आतले कळले कसे, हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून यावा. न आल्यास शिक्षकाने विचारावा. उत्तर भूकंपलहरींत आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये या लहरींवरून गाभ्याचे अस्तित्व दाखविले. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत व बाह्यगाभ्यापाशी त्या थांबतात, म्हणून तो द्रवरूप मानला जातो. आंतरगाभ्याचा शोध इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये लावला.

== प्रावरण द्रव नाही ==
भूपट्ट समजावताना दुधावरच्या सायीचा दृष्टान्त नेहमी दिला जातो. साय सरकते व सुरकुतते हे खरे; पण त्यामुळे भूकवचाखाली वितळलेल्या खडकाचा समुद्र आहे असा चुकीचा समज रुजतो. प्रावरण जवळजवळ सर्वत्र घनरूप आहे. त्यासाठी डांबराचे उदाहरण अधिक बरे. डांबराचा गोळा हातोड्याने फुटतो, पण तसाच ठेवला तर हळूहळू पसरतो. प्रावरणही कोट्यवधी वर्षांच्या मानाने असेच वाहते.

== भूपट्टाचा वेग ==
प्रचलित मतानुसार दख्खनचा लाव्हा बाहेर पडला तेव्हा हा भूभाग हिंदी महासागरातील आजच्या रियुनियन बेटाजवळच्या तप्तबिंदूवर होता. रियुनियन २१ अंश दक्षिणेस, तर बीड १९ अंश उत्तरेस आहे. ४० अंशांचा फरक, एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर, म्हणून अंतर सुमारे ४,४४० किलोमीटर. त्यास ६.६ कोटी वर्षांनी भागल्यास वर्षाला ६.७ सेंटीमीटर येतात. हे गणित ढोबळ आहे. प्रत्यक्षात आरंभी वेग बराच जास्त होता आणि युरेशियाशी टक्कर होऊन हिमालय उंचावू लागल्यावर तो घटून सुमारे ५ सेंटीमीटरवर आला. तथापि आठवीचा विद्यार्थी ते स्वतः करू शकतो, हे त्याचे मोल.

== किल्लारी ==
‘भूकंप भूपट्टांच्या सीमेवर होतात’ हे वाक्य परीक्षेत गुण मिळवून देते, पण मराठवाड्यातील मुलांना ते तेवढेच शिकवणे धोक्याचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्याच पहाटे, शेजारच्या लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत ६.२ महत्तेचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. हे ठिकाण भूपट्टाच्या सीमेपासून शेकडो किलोमीटर आत आहे. उत्तरेकडील टकरीचा ताण संपूर्ण भूपट्टात पसरतो व आतील जुन्या, दुबळ्या भेगांवर कधीतरी मोकळा होतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

मनुष्यहानीचे मुख्य कारण मात्र घरे होती. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती झोपलेल्या माणसांवर कोसळली. तेव्हाच्या भूकंपप्रवणता नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होते. २००२ च्या सुधारित भारतीय मानकात पहिले क्षेत्र वगळण्यात आले आणि किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात घेण्यात आला.