1921 साली आपण वाढत होतो की घटत होतो?

जनगणनेचा जुना तक्ता उघडा. आजच्या भारताच्या हद्दीपुरती लोकसंख्या 1911 साली 25.21 कोटी, 1921 साली 25.13 कोटी आणि 1931 साली 27.90 कोटी. आता सांगा, 1921 साली ती वर्षाला किती वेगाने बदलत होती?

म्हणजे विकलज काढायचा. त्यासाठी सूत्र लागतं अशी आपली पक्की समजूत असते. इथे सूत्र नाहीच, नुसते तीन आकडे. तरी उत्तर निघतं! शेजारच्या दोन आकड्यांची वजाबाकी करायची आणि मधल्या वर्षांनी भागायचं.

1921वरून मागे पाहिलं, तर वर्षाला उणे 80 हजार. पुढे पाहिलं, तर अधिक 27 लाख 70 हजार. 1911 आणि 1931 ही दोन टोकं धरून 20ने भागलं, तर अधिक साडेतेरा लाखांच्या आसपास. वर्ष एकच, उत्तरं तीन, आणि चिन्हंसुद्धा वेगळी.

गणिती माणूस सहसा तिसरं उत्तर घेईल, कारण त्यात दोन्हीकडच्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. पण त्यासाठी वक्र गुळगुळीत हवा, आणि या वक्रात 1918 साल आहे. त्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा उतरला आणि पावसाळ्याअखेरच्या लाटेने हिंदुस्थानात काही महिन्यांत एक कोटीहून जास्त माणसं नेली. तक्त्यात या साथीचा उल्लेखही नाही. आधीची वाढ, तो कडेलोट आणि नंतरचं सावरणं, सगळं मिळून त्यात उरतं ते वर्षाला उणे 80 हजार.

तरी ते उणे चिन्ह शंभर टक्के खरं आहे. दहा वर्षांचा सरासरी वेग उणे आला, की त्या काळात कधीतरी प्रत्यक्ष वेगही उणे असलाच पाहिजे. साथीबद्दल अवाक्षर माहीत नसलेला माणूससुद्धा दोन आकड्यांवरून हे छातीठोकपणे सांगू शकतो. मला हे फार विलक्षण वाटतं.

आता अलीकडे या. 1991 साली 84.64 कोटी, 2001 साली 102.87, 2011 साली 121.09. भर पडली आधी 18.23 कोटींची, मग 18.22 कोटींची. 1921 नंतर प्रथमच एका दशकाची भर आधीच्या दशकापेक्षा कमी! म्हणजे वाढ चालूच, पण वाढीचा वेग उताराला लागलेला. दुसऱ्या विकलजाचं चिन्ह उणे. मात्र हे चिन्ह एक-दोन लाखांच्या फरकावर तोललेलं आहे आणि 2011च्या पडताळणीत दर हजारी 23 माणसं मोजायची राहिल्याचं दिसलं होतं. इतक्या बारीक फरकावर मी पैज लावणार नाही. दशकाची टक्केवारी 21.5वरून 17.7वर आली, त्यावर मात्र खुशाल लावेन.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. तो आकडा आला की वजाबाकी जरूर करा. फक्त या वेळी दहाने नको, सोळाने भागा.