समुद्रमार्गे चवदार तळ्याकडे

२४ डिसेंबर १९२७. मुंबईहून ‘पद्मावती’ आगबोट कोकणकिनाऱ्याने दक्षिणेस निघाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह महाडच्या सत्याग्रहास चालले होते. धरमतरचा मार्ग होता. पण तेथील मोटारवाले अस्पृश्यांना गाडीत घेतील, याचा भरवसा नव्हता. म्हणून हरिहरेश्वरपर्यंत समुद्र व पुढे सावित्रीची खाडी, असा प्रवास ठरला. दुसऱ्या दिवशी मंडळी दासगाव बंदरात उतरली.

ज्या तळ्याचे पाणी २० मार्चला प्राशन केले, त्यावर आता न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम होता. सत्याग्रह स्थगित झाला. उच्च न्यायालयाने हक्क मान्य केला, तो १९३७ साली.

आज तळ्याकाठी उभे राहताना तो जलप्रवासही स्मरावा. ओंजळभर पाण्यासाठी केवढे पाणी ओलांडावे लागले!