महाविजेता ठरतो कसा? ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या हंगामाचा हिशेब

चंडीगड : ज्या दोन राज्यांची चंडीगड ही सामाईक राजधानी आहे, त्या हरियाणा आणि पंजाबने ‘इंडियन आयडॉल’ या दूरचित्रवाणीवरील गायन स्पर्धेला लागोपाठ दोन विजेते दिले. डिसेंबर २०१८ मध्ये संपलेला दहावा हंगाम हरियाणातील मेवात भागाच्या सलमान अलीने जिंकला. २३ फेब्रुवारी २०२० रोजी संपलेला अकरावा हंगाम पंजाबमधील भटिंड्याच्या सनी हिंदुस्तानीने. मराठी प्रेक्षकांना हा दुसरा निकाल आणखी एका कारणाने लक्षात आहे. त्या रात्री दुसऱ्या क्रमांकावर राहिला तो लातूरचा रोहित राऊत.

अंतिम फेरीतील या दोघांची पार्श्वभूमी अगदी भिन्न होती. सनी भटिंड्यात बूटपॉलिश करून घर चालवण्यास हातभार लावत असे. त्याची आई फुगे विकत असे. गायनाचे रीतसर शिक्षण त्याला मिळालेले नव्हते. नुसरत फतेह अली खाँ यांची गाणी ऐकत त्याचा गळा तयार झाला होता. रोहित मात्र महाराष्ट्राला अकरा वर्षांपासून परिचित होता. झी मराठीवरील २००८-०९ च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’च्या अंतिम पाचांत आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि कार्तिकी गायकवाड यांच्यासह तो होता. त्या वेळी महाराष्ट्राची महागायिका ठरली आळंदीची कार्तिकी. बालवयात घराघरांत पोहोचलेल्या गायकाला तरुणपणी पुन्हा रांगेत उभे राहून नव्याने स्वतःला सिद्ध करावे लागले, ही बाब या स्पर्धांविषयी बरेच काही सांगते. सलमान अलीही असाच परतून आलेला होता. २०११ मध्ये हिंदी ‘लिटिल चॅम्प्स’च्या अंतिम फेरीत त्याचे विजेतेपद हुकले होते.

ही स्पर्धा मुळात भारतीय नाही. ब्रिटनमध्ये २००१ साली सुरू झालेल्या ‘पॉप आयडॉल’चा साचा परवाना घेऊन देशोदेशी वापरला गेला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये तो सोनी वाहिनीवर आला. ‘गॉट टॅलेंट’चा साचाही असाच फिरला, भारतात तो २००९ मध्ये, तर रोमानियात २०११ मध्ये पोहोचला. भाषा, गाणी आणि परीक्षक त्या त्या देशाचे असतात, मात्र सांगाडा एकच राहतो. आरंभी चाचणी, मग परीक्षकांची चाळणी आणि शेवटी प्रेक्षकांचे मत. वाहिनीवर दिसणाऱ्या परीक्षकांपुढे उभे राहण्याआधी निर्मात्यांच्या चमूने घेतलेल्या प्राथमिक फेऱ्या उमेदवाराला पार कराव्या लागतात. प्रेक्षकाला त्या सहसा दिसत नाहीत, पण सर्वाधिक उमेदवार तिथेच गळतात.

परीक्षकांची चाळणी आवाज पारखते. प्रेक्षकांचे मत त्याहून निराळे काही मोजते. निवडणुकीप्रमाणे येथे एका माणसाला एकच मत असा नियम सुरुवातीच्या हंगामांत नव्हता. मोबाइलवरून जितके लघुसंदेश पाठवाल तितकी मते, आणि प्रत्येक संदेशाला नेहमीपेक्षा अधिक दर. साहजिकच, ज्याच्यामागे संघटित लोक आणि पैसा उभा राहील त्याचे पारडे जड होई. २००७ च्या तिसऱ्या हंगामात हे सर्वाधिक ठळकपणे दिसले. कोलकाता पोलिसांतील शिपाई, दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल अंतिम फेरीत पोहोचले, तेव्हा डोंगराळ भागात चाहत्यांनी वर्गणी काढून संदेश पाठवले. अखेरच्या फेरीत सुमारे ७ कोटी मते पडल्याचे सांगण्यात आले आणि तमांग विजयी झाला. त्यानंतर एका रेडिओ निवेदकाच्या शेरेबाजीवरून सिलिगुडीत हिंसाचार उसळला. तमांगच्या पाठीराख्यांना संघटित करणारे बिमल गुरुंग यांनी त्याच ऑक्टोबरमध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली. गाण्याच्या स्पर्धेचा निकाल राजकीय पक्षाच्या उभारणीस उपयोगी पडल्याचे असे उदाहरण विरळाच.

अकराव्या हंगामापर्यंत संदेशांची जागा मोबाइल अॅपने घेतली होती. मत देणे सोपे झाले, परंतु आपल्या गावच्या, आपल्या भाषेच्या मुलामागे उभे राहण्याची वृत्ती बदलली नाही. त्यात गैर काही नाही. मात्र प्रथम आणि द्वितीय क्रमांकांतले अंतर म्हणजे गायकीतले अंतर, असे समजण्याचे कारण नाही.

सनीला बक्षीस मिळाले २५ लाख रुपये, एक मोटार आणि एका संगीत कंपनीशी गाण्याचा करार. पडद्यावर दिसणारा आकडा मात्र विजेत्याच्या हाती तसाच पडत नाही. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांमधील बक्षिसे त्या वेळच्या आयकर कायद्याने लॉटरीच्या पंक्तीत बसवली होती. त्यांवर ३० टक्के दराने कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर लागे. किमान करमुक्त उत्पन्नाची सवलत नाही, खर्चाची वजावट नाही. या हिशेबाने २५ लाखांतून ७ लाख ८० हजार रुपये सरकारजमा होतात आणि १७ लाख २० हजार उरतात. मोटारीसारख्या वस्तूच्या किमतीवरही कर आहेच. तो भरला गेल्याची खात्री केल्याखेरीज वस्तू विजेत्याच्या हवाली करता येत नाही.

पोटापाण्याच्या दृष्टीने खरी मिळकत रकमेपेक्षा पडद्यावरच्या त्या चार महिन्यांत असते. अंतिम निकाल लागण्यापूर्वीच सनीचा आवाज ‘द बॉडी’ आणि ‘पंगा’ या हिंदी चित्रपटांत घेतला गेला होता. संगीतकारांनी त्यासाठी प्रेक्षकांच्या कौलाची वाट पाहिली नाही. ओळखीपाळखी नसलेल्या भटिंड्याच्या किंवा लातूरच्या तरुणाला मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षापर्यंत नेणारे मार्ग मोजकेच आहेत, आणि हा त्यांपैकी सर्वांत रुंद.

हरलेल्यांची पुढची वाटचाल हेच दाखवते. अरिजित सिंग २००५ मध्ये ‘फेम गुरुकुल’मधून बाहेर पडले होते. चंडीगडचे आयुष्मान खुराना यांनी ‘पॉपस्टार्स’मध्ये नशीब अजमावले, २००४ चे ‘रोडीज’ जिंकले आणि पुढे नाव कमावले ते अभिनेते म्हणून. अकराव्या हंगामात परीक्षकांच्या खुर्चीत बसून सनी आणि रोहितचे गुणदोष सांगणाऱ्या नेहा कक्कर याच स्पर्धेच्या दुसऱ्या हंगामात बाद झाल्या होत्या.

जिंकलेल्यांची वाट तुलनेने सोपी असेल असेही नाही. उत्तराखंडच्या पवनदीप राजनने २०१५ मध्ये ‘द व्हॉइस इंडिया’ जिंकली होती. काही वर्षांनी तो पुन्हा चाचणीला उभा राहिला, या वेळी ‘इंडियन आयडॉल’च्या, आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी बाराव्या हंगामाचा विजेता ठरला.