लघवीतील रक्त : भय नको, हयगय तर नकोच

मराठवाड्याच्या कडक उन्हात लघवीला जळजळ झाली, की ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्याचे पाणी देण्याची आपल्या घरांत रीत आहे. जळजळीपुरते ते ठीक. परंतु लघवी लाल झाली आणि वेदना मुळीच नसली, तर ती उन्हाळी समजू नये. वेदनेवाचून रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमुख लक्षण आहे. हे रक्त पुष्कळदा आपोआप थांबते व माणूस निश्चिंत होतो. फसगत होते ती येथेच. शिरूर अनंतपाळच्या रुग्णाने अशा वेळी लातूर गाठून मूत्रविकारतज्ज्ञांकडून सोनोग्राफी व दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

निदान कर्करोगाचे झाले, की घर हादरते. तरीही अहवालातील ‘लो-ग्रेड’ हा शब्द समजून घ्यावा. ग्रेड म्हणजे पेशींचा स्वभाव. स्टेज म्हणजे गाठ किती खोल गेली ते. लो-ग्रेड गाठ बहुधा आतल्या अस्तरापुरतीच राहते. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ती खरवडून काढतात. पोटावर छेद घ्यावा लागत नाही. योग्य रुग्णास २४ तासांच्या आत मूत्राशयात औषधाची एक मात्रा दिल्यास गाठ परतण्याची शक्यता घटते.

युरोपातील २५९६ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सर्वांत कमी जोखमीच्या गटात पाच वर्षांत सुमारे ३१ टक्के रुग्णांत गाठ परतली. रोग वाढून पुढच्या टप्प्यात गेला तो १ टक्क्याहून कमी रुग्णांत. गाठी अनेक, मोठ्या वा वारंवार येणाऱ्या असल्यास हे प्रमाण वाढते. थोडक्यात, जिवावर बेतण्यापेक्षा पुन्हा पुन्हा उगवणे हाच या रोगाचा स्वभाव आहे.

म्हणून पथ्य एकच : तपासणी चुकवू नये. कमी जोखमीच्या रुग्णाची पहिली दुर्बीण तिसऱ्या महिन्यात, ती स्वच्छ निघाल्यास शस्त्रक्रियेपासून वर्षाने, पुढे पाच वर्षांपर्यंत दरवर्षी. सोयाबीनची आवक आहे, दिवाळी आहे, लग्नसराई आहे, म्हणून ती पुढे ढकलली जाते. आडतीचा हिशेब आपण थकू देत नाही. हाही थकू देऊ नये.

विडी-सिगारेट हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण. धुरातील विषारी द्रव्ये मूत्रपिंडांतून गाळली जाऊन मूत्राशयात साठतात. ती आजच सोडावी. हा रोग संसर्गजन्य नाही, बहुतांश रुग्णांत आनुवंशिकही नाही. सोयरिकीच्या धास्तीने तो लपवू नये. अहवालाविषयी शंका असल्यास गाठीच्या काचा घेऊन मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात दुसरे मत घेता येते.