इमोजी आणायचा कुठून?

विंडोजवर विंडोजची कळ आणि पूर्णविराम एकत्र दाबा, मॅकवर कंट्रोल-कमांड-स्पेस; इमोजींचा तक्ता उघडतो. वेबपानावर यूटीएफ-८ जाहीर केलेलं असेल, तर इमोजी सरळ चिकटवावा. नाहीतर त्याचा क्रमांक लिहावा: जोडलेल्या हातांसाठी 🙏 (आकडे इंग्रजीच हवेत, देवनागरी चालत नाहीत). दिसणारं चित्र मात्र ज्याच्या-त्याच्या उपकरणाचं. तिरंगा म्हणजे दोन चिन्हांची जोडी, म्हणून विंडोजवर बरेचदा झेंड्याऐवजी नुसती दोन रोमन अक्षरं दिसतात. कुटुंबाच्या इमोजीत आई, बाबा, मुलगी सुटी लिहून मध्ये ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह घालतात. मराठी टंकणाऱ्यांना ते जुनंच: ‘दर्‍या’तला आडवा र अनेकदा त्याच चिन्हाने उमटतो.